गोळी चालू असताना जी येते ती पाळी नव्हे

"ताई, आधी चार दिवस जायचं, आता दीड दिवसात आटपतं. बाकीचं रक्त आतच साचत तर नसेल ना?"

गर्भनिरोधक गोळी सुरू केलेल्या बाईच्या तोंडून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हा प्रश्न हमखास येतो. कुणी उपकेंद्रावरच्या सिस्टरला विचारतं, कुणी आशाताईला, कुणी रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलला. उत्तर बहुतेक वेळा "काही होत नाही, घेत राहा" एवढंच मिळतं. ते चुकीचं नाही, पण त्याने समाधान होत नाही. आणि समाधान न झालेली बाई कुणाला काही न सांगता गोळ्यांचं पाकीट कपाटात साड्यांखाली सारून मोकळी होते. पुढच्या महिन्यात दिवस राहिले की नाव गोळीचं खराब होतं.

या सगळ्या शंकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. गोळी चालू असताना दर महिन्याला जे रक्त जातं ती आपली नेहमीची पाळी नसतेच. गोळीत मुद्दाम ठेवलेल्या खंडामुळे ते जातं. हे नीट कळलं की कमी का जातं, उशिरा का जातं, कधी जातच का नाही, या प्रश्नांची उत्तरं आपोआप सापडायला लागतात.

महिन्याभरात आत काय चालतं

गोळी नसताना काय घडतं ते आधी पाहू. पाळी झाली की बीजकोशात एक स्त्रीबीज वाढायला लागतं. त्याच्याबरोबर इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं आणि त्याच्या जोरावर गर्भपिशवीचं आतलं अस्तर जाड होत जातं. महिन्याच्या मध्यावर बीज बाहेर पडतं. मग प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन कामाला लागतं आणि ते अस्तर गर्भ रुजण्याजोगं करतं. गर्भ राहिला नाही, तर साधारण दोन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन झपकन उतरतं, अस्तराचा आधार सुटतो आणि ते रक्ताबरोबर बाहेर पडतं. ही खरी पाळी. तिच्यात सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ८० मिलिलिटरच्या पुढे गेलं तर ते जास्त समजतात. (पॅडवर बघताना कितीतरी जास्त वाटतं, कारण रक्तात अस्तर आणि स्रावही मिसळलेला असतो.)

आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारं माला-एनचं पाकीट हातात घ्या. त्यात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या आणि ७ तांबूस. प्रत्येक पांढऱ्या गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्रॅडिऑल असतं. पहिलं प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, दुसरं इस्ट्रोजेनच्या. माला-डी आतून अगदी तीच, फक्त ती विकत मिळते. तांबूस गोळ्यांत हार्मोन अजिबात नसतं. त्यात ६० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेट असतं, म्हणजे लोह.

पांढऱ्या गोळ्या चालू असतात तेव्हा ही दोन्ही हार्मोनं रोज सारख्या प्रमाणात मिळत राहतात. त्यामुळे बीज वाढवायचा जो हुकूम मेंदूकडून खाली यायला हवा, तो येतच नाही. बीज बाहेर पडत नाही. प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध पहिल्या दिवसापासून अंगात असल्यामुळे अस्तरही जाड होत नाही, पातळच राहतं. एकवीस दिवस झाले, तांबूस गोळ्या सुरू झाल्या, हार्मोन थांबलं, की दोन ते चार दिवसांत ते पातळ अस्तर सुटतं. जेवढं असेल तेवढंच जाणार. रक्त साधारण निम्म्यावर येतं, काहींचं त्याहूनही कमी.

म्हणजे "बाकीचं रक्त कुठे गेलं" याचं उत्तर असं, की ते तयारच झालं नव्हतं. आत साचायला, गाठ व्हायला, डोक्यात चढायला काही शिल्लक नसतं. रंग काळपट-तपकिरी दिसतो त्याचंही कारण हेच आहे. थोडं रक्त सावकाश बाहेर येतं, वाटेत त्याचा रंग बदलतो. "घाण रक्त" वगैरे काही नसतं. पाळीमुळे अंगातली घाण निघून जाते ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की कमी गेलं म्हणजे घाण आत राहिली, असं वाटणं साहजिक आहे. पण पाळीचं रक्त हे शिरांमधून वाहणारं साधं रक्तच असतं.

उलट आपल्या देशात कमी जाणं ही बहुतेकींच्या फायद्याचीच गोष्ट म्हणायची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्या सात दिवसांत साध्या खोट्या गोळीऐवजी लोहाची गोळी ठेवली आहे ती याचसाठी. तरीही "त्या तांबूस गोळ्यांनी तोंड काळं होतं" म्हणून त्या फेकून देणाऱ्या बायका आहेत. हार्मोनच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही, पण लोह गेलं आणि मोजणी चुकायचा धोका आला. रोज एक गोळी ही सवय मोडली की पुढचं पाकीट हमखास उशिरा सुरू होतं, आणि तोच खरा घोळ.

मग हा सात दिवसांचा खंड हवाच कशाला?

शरीराची ती गरज नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा मागे जातो.

१९५० च्या दशकात अमेरिकेत बोस्टनजवळ जॉन रॉक हे डॉक्टर मूल होत नसलेल्या बायकांवर उपचार करायचे. ते त्यांना काही महिने सलग हार्मोन देत. पाळी थांबायची, छाती जड व्हायची, आणि त्या बिचाऱ्यांना वाटायचं की दिवस राहिले. खरं कळल्यावर होणारी निराशा टाळायला रॉक यांचे सहकारी ग्रेगरी पिंकस यांनी सुचवलं, की महिन्यातून काही दिवस औषध थांबवा, म्हणजे रक्त जाईल. पुढे हीच पद्धत गर्भनिरोधक गोळीत आली. दर महिन्याला काहीतरी गेलं की बाईला हायसं वाटतं आणि सगळं "नैसर्गिक" दिसतं, हा त्यातला हिशोब.

गोळीची मोठी चाचणी १९५६ मध्ये प्वेर्तो रिको बेटावर सुरू झाली. तिथल्या गरीब बायकांना आपण प्रयोगात आहोत याची पुरेशी कल्पनाही दिलेली नव्हती. हा त्या इतिहासातला काळा भाग, आणि गोळीबद्दलचा संशय काही उगाच जन्मला नाही. एनोव्हिड नावाची ती गोळी १९५७ मध्ये अमेरिकेत फक्त पाळीच्या तक्रारींसाठी मंजूर झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या लाखो बायकांना अचानक पाळीच्या तक्रारी व्हायला लागल्या, यातलं गुपित ओळखायला डॉक्टर असायची गरज नाही. गर्भनिरोधक म्हणून उघड मंजुरी १९६० साली मिळाली.

त्या पहिल्या गोळीत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध जवळजवळ १० मिलिग्रॅम होतं आणि इस्ट्रोजेनच्या जातीचं १५० मायक्रोग्रॅम. आज माला-एनमध्ये हेच आकडे ०.१५ मिलिग्रॅम आणि ३० मायक्रोग्रॅम आहेत. औषधांचे प्रकार वेगळे असल्यामुळे थेट तुलना होत नाही, पण मात्रा किती उतरली याचा अंदाज येतो. आजीच्या काळातल्या गोळीच्या मळमळीच्या, गरगरण्याच्या गोष्टी आपण आजच्या गोळीला चिकटवतो, ते यासाठी लक्षात ठेवावं.

खंडाचं म्हणाल, तर ब्रिटनच्या लैंगिक व प्रजनन आरोग्याच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्टच लिहिलं, की सात दिवसांच्या खंडाने आरोग्याला कसलाही फायदा होत नाही. अमेरिकेत तर तीन महिने सलग गोळी आणि मग एक आठवडा खंड असं पाकीट २००३ पासून मंजूर आहे. पाळीच्या दिवसांत भयंकर डोकं दुखणाऱ्या, पोटात कळा येणाऱ्या किंवा एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) असलेल्या बायकांना आपल्याकडचे डॉक्टरही गोळी सलग घ्यायला सांगतात, ते याच आधारावर.

काहीच गेलं नाही तर

पांढऱ्या गोळ्या एकही न चुकवता घेतल्या, तांबूसही संपत आल्या, आणि एक डागसुद्धा नाही. अशा वेळी पहिला विचार येतो तो दिवस राहिल्याचा. पण गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या असतील तर ती शक्यता फार कमी असते. अस्तर इतकं पातळ राहिलेलं असतं की सुटण्यासारखं काही नसतं, एवढंच. पुढचं पाकीट ठरल्या दिवशी सुरू करायचं. "आधी पाळी येऊ दे, मग नवीन पाकीट फोडते" हा सगळ्यात महागात पडणारा निर्णय, कारण वाट बघता बघता खंड सातावरून दहा दिवसांवर जातो आणि बीजकोश जागे होतात.

मधे गोळ्या चुकल्या असतील, उलट्या-जुलाब झाले असतील किंवा लागोपाठ दोन महिने काहीच गेलं नसेल, तर मात्र लघवीची तपासणी करून घ्यावी. आशाताईकडे "निश्चय" नावाची पट्टी फुकट मिळते, मेडिकलमध्येही असतेच. आणि समजा दिवस राहिलेच असतील आणि नकळत आठवडा-दोन आठवडे गोळी घेतली गेली असेल, तर त्याने बाळात व्यंग येत नाही. या एका भीतीपोटी हवं असलेलं मूल पाडायला निघालेली जोडपी असतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

उलटी तक्रार म्हणजे अधूनमधून डाग पडणं. पहिल्या तीन महिन्यांत हे बऱ्याच जणींना होतं. पिशवीला नवीन हार्मोनची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. गोळी उष्ण पडली, असं म्हणून कोकम सरबत आणि सब्जा सुरू होतो. प्यायला हरकत काहीच नाही, पण डाग त्याने थांबत नाहीत, ते बहुधा आपोआप कमी होतात. डाग पडतोय म्हणून गोळी मधेच सोडली तर आणखी जातं, हे ध्यानात ठेवा.

तीन महिन्यांनंतरही डाग पडत राहिले, किंवा सुरळीत चालू असताना अचानक सुरू झाले, तर कारण शोधायचं. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे गोळीची वेळ पुढे-मागे होणं. दुसरं कारण आपल्याकडे हटकून विसरलं जातं, ते म्हणजे टीबीचं औषध. टीबीच्या उपचारात रिफॅम्पिसिन असतं, आणि ते यकृताला गोळीतलं हार्मोन झपाट्याने संपवायला लावतं. डाग पडतात तो इशारा असतो, पण खरा प्रश्न असा की गोळी निकामी होते. फिट्सवरच्या काही औषधांचंही, उदाहरणार्थ फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन, तसंच. सर्दी-खोकल्याला किंवा दाढेला मिळणाऱ्या साध्या अँटिबायोटिकचा मात्र असा परिणाम होत नाही. आणि संबंधानंतर रक्त जात असेल, तर ते गोळीच्या खात्यावर न टाकता गर्भपिशवीचं तोंड तपासून घ्यावं.

गोळी विसरली

समजा तुम्ही रोज रात्री जेवणानंतर गोळी घेता. गुरुवारी माहेरी गेलात, पाकीट घरी राहिलं. शुक्रवारी दुपारी परत आलात आणि आठवलं. आठवल्याबरोबर गुरुवारची घ्या, रात्री नेहमीच्या वेळी शुक्रवारची घ्या. एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. वेगळी काळजी घ्यायची गरज नाही.

दोन किंवा त्याहून जास्त पांढऱ्या गोळ्या चुकल्या, तर गोष्ट बदलते. चुकलेल्यांपैकी शेवटची एक लगेच घ्यायची, बाकीच्या सोडून द्यायच्या, पुढच्या रोजच्यासारख्या चालू ठेवायच्या आणि सात दिवस कंडोम वापरायचा. चूक तिसऱ्या ओळीत, म्हणजे पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात झाली असेल, तर पांढऱ्या संपल्यावर तांबूस न घेता थेट नवीन पाकिटाची पहिली पांढरी गोळी घ्यायची. त्या महिन्यात पाळी आली नाही तरी चालेल. पहिल्याच आठवड्यात चुकल्या आणि त्या दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल विचारून घ्या. तांबूस गोळी चुकली तर काहीच करायचं नाही. आणि गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली, तर दुसरी घ्यायची.

काटेकोर घेतली तर वर्षभरात हजारात तिघींनाच दिवस राहतात. प्रत्यक्षात जशी घेतली जाते, विसरत-आठवत, तशी घेतली तर शंभरात सात जणींना. हा एवढा फरक निव्वळ विसरण्याने पडतो.

प्रत्येक गोळी म्हणजे माला-एन नव्हे

"छाया" ही वेगळ्याच कुळातली गोळी. लखनऊच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली, १९९१ पासून "सहेली" नावाने बाजारात आलेली आणि २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात "छाया" म्हणून मिळणारी. हिच्यात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन काहीच नाही, सेंटक्रोमॅन ३० मिलिग्रॅम आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे रविवारी सुरू केली तर रविवार आणि बुधवार, आणि तीन महिन्यांनंतर फक्त रविवारी. ही घेताना बीज तयार होतं, म्हणजे येते ती आपलीच पाळी असते. पण ती लांबू शकते, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत, आणि कमीही जाऊ शकते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर लघवी तपासायची. अंगावर पाजणाऱ्या आईला ही चालते. पीसीओडी (बीज वेळच्या वेळी बाहेर न पडण्याचा, पाळी लांबवणारा आजार) असेल किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली असेल तर ही देत नाहीत.

"अंतरा" हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. सुरुवातीला वेडंवाकडं जातं, आणि वर्षभर घेतल्यावर साधारण निम्म्या बायकांची पाळी थांबलेली असते. तेही अस्तर पातळ झाल्यामुळेच. हे आधी सांगितलेलं असेल तर बाई निर्धास्त राहते. नसेल सांगितलं, तर दुसऱ्या इंजेक्शनला येतच नाही.

आता गौरी-गणपतीच्या गोळ्या. घरात पूजा, लग्न, वारी, सत्यनारायण काहीही असो, पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून आणल्या जाणाऱ्या या गोळ्या बहुधा नॉरएथिस्टेरॉनच्या असतात. ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून. बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पाळी आली म्हणून काय अडतं, हा वाद प्रत्येकीने आपल्या घरी घालावा. मला इथे दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, या अशा घेतल्याने गर्भ राहायचं टळत नाही. सणाला सगळे एकत्र जमलेले असतात, नवरा मुंबईहून आलेला असतो, आणि "गोळी चालू आहे" या समजात पुढच्या महिन्यात पंचाईत होते. दुसरी, या औषधाचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे जिच्या पायात कधी रक्ताची गुठळी झाली आहे तिने जावेच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या घेणं बरं नाही. आणि जी आधीच माला-एन घेते, तिला या वेगळ्या गोळ्यांची गरजच नाही. तिने त्या महिन्यात तांबूस गोळ्या गाळून लगेच पुढच्या पाकिटाच्या पांढऱ्या सुरू केल्या की काम झालं.

संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायच्या तातडीच्या गोळीत दीड मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. माला-एनच्या दहा पांढऱ्या गोळ्यांत मिळून जेवढं, तेवढं एका घोटात. बीज बाहेर पडायचं ती लांबवते. साहजिकच त्या महिन्याचं गणित बिघडतं. पाळी काही दिवस आधी येते किंवा मागे पडते, मधेच डागही पडतात. पडलेला डाग म्हणजे पाळी झाली असं समजू नये. तारखेपेक्षा आठवडाभर जास्त लांबलं तर तपासणी करावी. राहिलेला गर्भ या गोळीने पडत नाही. महिन्यातून तीन-तीनदा ही घेऊन वर पाळी अनियमित झाली म्हणून काळजी करणाऱ्या मुलींना रोजची गोळी हाच स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

बंद केल्यावर

"लग्न झाल्या झाल्या गोळ्या घेतल्या तर पुढे मूल होत नाही" हे वाक्य सासू, मावशी, शेजारीण, कधी कधी तर औषधवालाही म्हणतो. गोळी बंद केल्यावर बहुतेकींची पाळी चार ते सहा आठवड्यांत येते, काहींना तीन महिने लागतात. वर्षभरात दर शंभरातल्या ऐंशीच्या आसपास बायकांना दिवस राहतात, आणि गोळी कधी न घेतलेल्यांचंही साधारण असंच असतं. अंतरा इंजेक्शनचं मात्र वेगळं. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून वर्षभरात मूल हवं असेल तर ते घेऊ नये.

मग ही समजूत आली कुठून? पाळी मुळात अनियमित असलेल्या मुलीला सतराव्या वर्षी गोळी सुरू होते. आठ वर्षं घड्याळासारखं रक्त जातं. लग्नानंतर गोळी बंद होते, पाळी पुन्हा तीन-तीन महिने लांबते, आणि खापर फुटतं गोळीवर. पीसीओडी आधीही होतं, गोळीने ते फक्त झाकलं होतं. पीसीओडीला गोळी देतात ती पुरळ-लव कमी व्हावी आणि अस्तर जाड होऊ नये म्हणून. तिने पीसीओडी बरं होत नाही, आणि हे पहिल्याच भेटीत न सांगणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग आहे.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण नेमकी इथेच गल्लत होते. गोळीवर असताना काही गेलं नाही तर बिघडत नाही, कारण अस्तर पातळ आहे. गोळी चालू नसताना पीसीओडीमुळे चार-सहा महिने पाळी नाही, ही गोष्ट अंगावर काढायची नाही. तिथे बीज बाहेर पडत नाही, प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, आणि इस्ट्रोजेनमुळे अस्तर जाड होतच राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर त्यात कॅन्सरकडे झुकणारे बदल होऊ शकतात. तीन महिन्यांच्या पुढे गेलं की दाखवायचं.

खरी भीती कशाची बाळगावी

रक्ताच्या गुठळीची, आणि तीही बेताने. युरोपच्या औषध नियामकांचे आकडे असे: गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला दोघींना गुठळी होते. माला-एनसारखी लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनॉन असलेल्या महागड्या गोळ्यांवर नऊ ते बारा जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका गोळीपेक्षा जास्त असतो. महाग ती चांगली हा आपला बाजारातला अनुभव इथे लागू पडत नाही, हे जाता जाता.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीने इशारा दिला, की नव्या गोळ्यांनी गुठळीचा धोका दुप्पट होतो. सात हजारांत एकीच्या जागी दोघी, असा तो दुप्पट होता. बातमीत फक्त "दुप्पट" आलं. हजारो बायकांनी तडकाफडकी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले.

काही जणींनी मात्र ही गोळी घेऊच नये. पस्तिशीच्या पुढे आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्या. रक्तदाब वाढलेला असणाऱ्या. अर्धशिशीत डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा दिसणाऱ्या. पूर्वी गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर किंवा यकृताचा मोठा आजार झालेल्या. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या. या पाजणाऱ्या आयांना छाया, तांबी किंवा फक्त प्रोजेस्टेरॉनची गोळी चालते. मिश्री लावत असाल, तंबाखू खात असाल, तर तेही न लाजता सांगा आणि रक्तदाब मोजून घ्या. गोळी चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, दिसेनासं झालं किंवा कधी नव्हे असं डोकं दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि दाखवायला जाताना गोळ्यांचं पाकीट, रिकामं असलं तरी, पिशवीत टाका. "गोळी चालू आहे" एवढ्यावरून ती माला-एन, छाया, गणपतीची की पीसीओडीची, हे समोरच्या डॉक्टरला कळत नाही. पाकिटावर शेवटची गोळी कुठल्या वारी घेतली तेवढं पेनाने लिहून ठेवलंत, तर तपासणीतले निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.